कान पुन्हा ठणकला तर: औषधाची बाटली उघडण्याआधी आणि उघडल्यावर

मी फार्मासिस्ट आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं औषधाचं दुकान आहे आणि संध्याकाळी काउंटरवर मीच असते. जुलैत पावसानं झड लावली की लहान मुलांच्या कानाच्या चिठ्ठ्या वाढायला लागतात. आधी सर्दी, मग ताप, मग रात्री बारा-एकला कळवळून रडणं. पोरं बहुतेक सहा महिने ते दोन वर्षांची. त्यातल्या काही आया महिना-दीड महिन्यानं पुन्हा समोर उभ्या असतात. "रात्रभर जागलो बघा ताई. मागच्या वेळचंच द्या की, त्यानंच गुण आला होता." हे त्यांच्यासाठी लिहितेय. पोराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणाऱ्या बापांसाठी आणि आज्यांसाठीही.

कोणतं औषध द्यायचं आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण चिठ्ठी हातात पडल्यापासून पुढचे दहा दिवस सगळं घरच्यांवर असतं, आणि घोळ होतो तो तिथेच.

दुखणं नाकातून येतं

लहान मुलाच्या मधल्या कानाचा जंतुसंसर्ग बाहेरून आत जात नाही. तो नाकातून कानात जातो. नाकाच्या मागच्या बाजूपासून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी असते, तिला युस्टेशियन नळी म्हणतात. मोठ्या माणसात ती तिरकी असते. लहान पोरात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. पन्हळीला उतार नसला की पाणी तुंबतं, तसं सर्दीत ही नळी सुजली की पडद्यामागे पाणी साठतं. त्यात न्यूमोकोकस, हिमोफिलस असले जंतू वाढले की पू होतो, पडदा बाहेर फुगतो आणि ठणका सुरू होतो.

म्हणून कानटोपी घातली नाही, वारं लागलं, अंघोळीत कानात पाणी गेलं, असलं खापर सुनेवर फोडू नका. कानटोपीनं ऊब मिळते, घाला खुशाल, पण ही नळी तिनं झाकली जात नाही.

आणि म्हणूनच कानात तेल घालून काही साधत नाही. लसूण घालून तापवलेलं तेल, कांद्याचा रस, आईचं दूध, काहीही घाला. पडदा शाबूत असेल तर ते पडद्याच्या अलीकडेच राहतं आणि दुखणं पलीकडे. पडद्याला भोक पडलं असेल तर मात्र ते थेट मधल्या कानात उतरतं, आणि ते जास्त वाईट. शिवाय आत तेल साचलं असलं की डॉक्टरांना पडदा दिसतच नाही. मालिश करणाऱ्या मावशींना स्पष्ट सांगा: टाळू भरा, अंग चोळा, पण कानात तेल नको आणि फुंकरही नको.

खरंच कानच आहे का?

पोरगं कान ओढतंय एवढ्यावरून ठरवू नका. दात येताना ओढतात, झोप आली की ओढतात, सवय म्हणूनही ओढतात. दोन-चार दिवस सर्दी झाली, मग ताप चढला, आडवं केलं की रडणं वाढतं, दूध ओढायला लागलं की सोडून किंचाळतं, असं सगळं जुळून आलं तर कान असण्याची शक्यता बरीच. पहाटे उशीवर पिवळट डाग दिसला आणि पोरगं एकदम शांत झोपलं, तर कान फुटलाय. पडद्यामागचा दाब सुटला की ठणका थांबतो. घाबरू नका, असा पडदा बहुतेक वेळा आपोआप भरून येतो, पण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांनी कानात बॅटरीचं यंत्र, म्हणजे ओटोस्कोप, घालून पडदा बघितला का, हे बघणं तुमचा हक्क आहे. नुसता लाल पडदा पुरेसा नाही, रडून रडूनही तो लाल होतो. बाहेर फुगलेला पडदा ही खरी खूण. म्हणून विचारायचं ते एवढंच: "पडदा फुगलाय का? एका बाजूला की दोन्ही?" उत्तर मिळालं की तिथेच लिहून घ्या, ते का ते पुढे सांगते.

तपासताना पोराला असं धरा: मांडीवर आडवं बसवा, एक कुशी तुमच्या छातीला लागेल असं. एका हातानं त्याचे दोन्ही हात कवेत घ्या, दुसऱ्या तळव्यानं कपाळ छातीशी दाबून धरा, पाय तुमच्या मांड्यांमध्ये. मग दुसरी बाजू. घट्ट धरलेलं पोरगं दहा सेकंदांत मोकळं होतं, सैल धरलं तर त्याच्या कानाला यंत्र लागतं.

आधी ठणका थांबवा

अँटिबायोटिक दिलं तरी पहिल्या चोवीस तासांत ठणक्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्या रात्री पोराला झोप मिळते ती पॅरासिटामॉलनं. आणि इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण आपल्याकडे मुलांच्या पॅरासिटामॉलच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. एका सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 120 किंवा 125 मिलिग्रॅम, दुसऱ्यात 250, आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत 1 मिलिलिटरलाच 100. मात्रा ठरते वजनावर: एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे 10 किलोच्या पोराला 100 ते 150 मिलिग्रॅम. ते 125 च्या सिरपमधून 4 ते 6 मिलिलिटर होतं, 250 च्या सिरपमधून 2 ते 3 आणि थेंबांतून 1 ते दीड. घरात थेंबांची बाटली आहे आणि शेजारच्या वहिनी सांगतात "आम्ही पाच एमएल देतो", ती त्यांच्या बाटलीची गोष्ट असते. दोन मात्रांत किमान चार ते सहा तास अंतर, चोवीस तासांत चारच्या वर नको.

आयबुप्रोफेन सहा महिन्यांच्या वरच्या मुलांना डॉक्टर देतात, पण जुलाब-उलट्या चालू असतील, किंवा आपल्याकडे पावसाळ्यानंतर फिरतो तो डेंग्यू असण्याची शंका असेल, तर ते आपल्या मनानं देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेली सिरपही मिळतात, म्हणून नाव वाचून थांबू नका, खालच्या बारीक अक्षरांतले घटक वाचा.

सर्दी-खोकल्याचं सिरप मागू नका. कानातलं पाणी त्यानं सुकत नाही. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन असलेलं सर्दीचं मिश्रण चार वर्षांच्या आत देऊ नये, असा आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला. मध्य प्रदेशात दूषित कफ सिरपनं मुलं दगावल्यावर, ऑक्टोबर 2025 मध्ये, दोन वर्षांच्या आत खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत अशी सूचना केंद्राकडून आली. मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब नाकात घाला, पाजायच्या आणि झोपवायच्या आधी. तेवढं पुरतं.

लगेच सुरू करायचं की दोन दिवस थांबायचं?

हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला लाजू नका. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, दोन वर्षांच्या आतलं पोरगं आणि दोन्ही कान, कानातून पू येतोय, ताप 39 अंश सेल्सिअसच्या म्हणजे 102.2 फॅरनहाइटच्या वर, किंवा ठणका जबर आहे, तर अँटिबायोटिक लागतं. यात घासाघीस नको. पण दीड वर्षाचं पोरगं, एकच कान, ताप थोडा, खेळतंय, खातंय, तर बरेच बालरोगतज्ज्ञ अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास वाट बघायला सांगतात.

त्यामागे कारण आहे. जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यात दिसलं की अँटिबायोटिक घेवो न घेवो, सुमारे साठ टक्के मुलांचा ठणका चोवीस तासांतच थांबतो. दोन-तीन दिवसांनी एका मुलाचं दुखणं अँटिबायोटिकमुळे थांबलं असं म्हणायला वीस मुलांना ते द्यावं लागतं, आणि दर चौदा मुलांमागे एकाला त्याच औषधानं जुलाब, उलटी किंवा पुरळ असा त्रास होतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

पण या चाचण्या बहुतांशी श्रीमंत देशांतल्या आहेत, जिथे तिसऱ्या दिवशी आई पोराला घेऊन डॉक्टरांकडे पोचतेच. तुम्ही गगनबावड्याच्या पलीकडून येणार असाल, पावसात रस्ता बंद होणार असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. थांबणं हे तिसऱ्या दिवशी परत दाखवता येत असेल तरच थांबणं. नाहीतर डॉक्टर चिठ्ठी हातात देऊन "अमुक झालं तर सुरू करा" असं सांगू शकतात. काय झालं तर, हे चिठ्ठीवरच लिहून घ्या.

बाटली

सुरुवातीला सहसा अमोक्सिसिलिन देतात. गेल्या महिन्याभरात ते होऊन गेलं असेल, किंवा सोबत डोळ्यांतून पू येत असेल, तर अमोक्सिसिलिनसोबत क्लॅव्युलॅनिक ॲसिड असलेलं. कानासाठी मात्रा जास्त लागते: अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनात दिवसाला किलोमागे 80 ते 90 मिलिग्रॅम अमोक्सिसिलिन, दोन वेळांत वाटून. "एवढं जास्त का लिहिलंय?" म्हणून आपल्या मनानं अर्धं करू नका. तसंच पोराचं वजन घरच्या अंदाजानं सांगू नका, त्या दिवशी काट्यावर करून घ्या.

आता पुड्याच्या कोपऱ्यातला आकडा बघा. क्लॅव्युलॅनिकवाल्या एकाच नावाच्या सिरपमध्ये 228.5 असतं आणि 457 असतं. पहिल्याच्या 5 मिलिलिटरमध्ये अमोक्सिसिलिन 200, दुसऱ्याच्या 400. मागच्या वेळी 228.5 होतं आणि या वेळी दुकानात 457 मिळालं, तर तेवढेच मिलिलिटर दिल्यावर औषध दुप्पट जातं. उलटं झालं तर निम्मं. म्हणून बदली बाटली घेताना दुकानदाराला सांगा, की मिलिलिटर नव्यानं काढून बाटलीवर पेनानं लिहून द्या. हे आमचं काम आहे, त्याला कुणी कंटाळलं तर दुसरं दुकान बघा.

ही बाटली कोरडी पूड असते. झाकण उघडण्याआधी बाटली तळहातावर आपटून बुडाशी बसलेली पूड मोकळी करा. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं, किंवा पुड्यात कुपी आली असेल तर तीच. खुणेच्या बरंच खाली थांबा, झाकण लावून जोरात हलवा, फेस खाली बसू द्या, मग खुणेपर्यंत पाणी भरा आणि पुन्हा हलवा. घाईनं एकदम खुणेपर्यंत पाणी ओतलं की पूड विरघळल्यावर पातळी खाली उतरते, आणि बुडाशी गोळा राहिला तर पहिले दोन दिवस पातळ औषध जातं, शेवटी घट्ट. दर वेळी देण्याआधी हलवायचंच. बाटलीवर तारीख लिहा. क्लॅव्युलॅनिकवालं कालवलेलं औषध फ्रिजमध्ये ठेवायचं, दारात नको, बर्फाच्या कप्प्यात तर नकोच, आणि सात दिवसांनी टाकून द्यायचं.

इथे हिशेब करा. 10 किलोच्या पोराला 457 च्या सिरपमधून 5 मिलिलिटर दोन वेळा, म्हणजे रोज 10. बाटली 30 मिलिलिटरची. ती तीन दिवसांत संपते. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचा कोर्स सहसा दहा दिवसांचा, म्हणजे 100 मिलिलिटर, म्हणजे चार बाटल्या. तीन दिवसांत ताप उतरलेला असतो, पोरगं हसतंय, बाटली रिकामी झाली, आणि घरच्यांना वाटतं औषध झालं. आमच्याकडे पुन्हापुन्हा येणाऱ्या कितीतरी कानांची कथा इथे सुरू होते. चिठ्ठीवर दिवस किती ते बघा, लागणाऱ्या बाटल्या पहिल्याच दिवशी मोजून घ्या, आणि एका वेळी एकच कालवा. बाकीच्या कोरड्या ठेवा, त्या टिकतात. डॉक्टरांनी पाच किंवा सात दिवस लिहिले असतील तर तेवढेच द्या, उरलं म्हणून ओढत नेऊ नका.

एकदा भोगावतीकडच्या एक काकी नातवाला घेऊन आल्या. पिशवीत अर्ध्या राहिलेल्या बाटल्या होत्या, कशावरच तारीख नाही, एकीच्या झाकणाला साखरेसारखी पिवळी पूड चिकटलेली. "यातलं कुठलं चालंल बघा की, टाकवत न्हाई ओ." पैसे घालून आणलेलं औषध टाकवत नाही, हे मला कळतं. पण कालवलेलं अँटिबायोटिक आठवडा-दोन आठवड्यांत ताकद सोडतं, आणि निम्म्या ताकदीचं औषध जंतू मारत नाही, त्यांना सवय लावतं. ते टाकायचं. थोरल्या भावंडाचं धाकट्याला द्यायचं नाही. आणि चिठ्ठीशिवाय मागायचंही नाही: पाकिटावर उभी लाल रेघ असते ती याचसाठी.

पाजताना चमचा घरातला नको. सुई नसलेली मापाची सिरिंज घ्या, काही रुपयांत मिळते. पोराला उठवून बसवा, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावा आणि थोडं थोडं सोडा. नाक दाबून, आडवं पाडून ओतलं की ठसका लागतो आणि पुढच्या वेळी सिरिंज दिसली तरी पोरगं ओठ मिटतं. क्लॅव्युलॅनिकवालं औषध जेवणाच्या सुरुवातीला दिलं की पोटाला कमी लागतं. दुधाच्या भरलेल्या बाटलीत मिसळू नका, पोरानं निम्मं दूध सोडलं तर औषधही निम्मंच जातं. दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओकलं तर डॉक्टरांना फोन करून विचारा, मगच पुन्हा द्या.

पोट, लंगोट आणि अंगावरचं

पातळ शी होणारच असं धरून चाला, क्लॅव्युलॅनिकनं तर जास्तच. दिवसाला चार-पाच वेळा पातळ, पण पोरगं पाणी पितंय, शू होतेय, खेळतंय, तर औषध बंद करू नका. दहीभात, ताक, केळं, नाचणीची पेज चालू ठेवा. प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला 50 ते 100 मिलिलिटर ओआरएस, वाटीनं, घोट घोट. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, चिमूट चिमूट काढून पेल्यात नाही. रंगीत खोक्यातली गोड पेयं ओआरएस नाहीत. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ते नाव लावायला मनाई केली. सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला जुलाबात चौदा दिवस रोज 20 मिलिग्रॅम झिंक देतात, ते आपल्या सरकारी दवाखान्यातही मिळतं. जुलाब थांबवायच्या मोठ्यांच्या गोळ्या लहान मुलाला कधीही नाहीत.

शीत रक्त, सहा-आठ तास शू नाही, डोळे खोल, पोरगं सुस्त, तर तडक दवाखाना.

पातळ शीनं लंगोटाची जागा सोलवटते. ओले पुसणारे रुमाल त्या आठवड्यात बाजूला ठेवा. साध्या पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, थोडा वेळ उघडं सोडा, मग झिंक ऑक्साइडचं मलम. जांघेच्या घडीत लालभडक झालं आणि कडेला सुटे सुटे लाल ठिपके दिसले, तर ती बुरशी असते, अँटिबायोटिकनंतर येते. तोंडात पुसून न निघणारे पांढरे डागही त्याच घरातले. त्यावर वेगळं औषध लागतं, डॉक्टर लिहून देतात. पण कृपा करून दुकानातून ते तीन-चार औषधांचं मिश्रण असलेलं खाजेचं मलम नेऊ नका. त्यात जोरकस स्टिरॉइड असतं. बाळाच्या जांघेची कातडी त्यानं पातळ होते, आणि लंगोटाखाली झाकल्यानं ते अंगातही जास्त शोषलं जातं.

अंगावर काही उठलं तर आधी फोटो काढा आणि वेळ लिहा: शेवटची मात्रा किती वाजता, पुरळ किती वाजता. अमोक्सिसिलिननं पाचव्या-सातव्या दिवशी पोटा-पाठीवर बारीक लाल पुरळ येते, फार खाजत नाही, पोरगं मजेत असतं. ती बहुधा ॲलर्जी नसते, पण ठरवू द्या डॉक्टरांना. मात्रा दिल्यावर तासा-दोन तासांत गांधी उठल्या, त्या जागा बदलतात, खाजतात, तर पुढची मात्रा थांबवा आणि लगेच फोन करा. ओठ-डोळे सुजले, श्वासाला घरघर लागली, एकामागून एक उलट्या झाल्या, तर फोनवर वेळ घालवू नका. 108 ला बोलवा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा.

आणि "याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे" हा शिक्का डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पोराच्या कपाळी मारू नका. असा शिक्का बसलेली बहुतेक मुलं नीट चाचणी केल्यावर ॲलर्जीची नसतातच. पण शिक्का राहतो, आणि पुढच्या प्रत्येक दुखण्याला त्यांना महागडं, कधी कमी उपयोगाचं औषध मिळतं.

वही

शंभर पानी वही आणा आणि पहिल्या पानावर पोराचं नाव घाला. प्रत्येक वेळी कान बिघडला की तारीख, त्या दिवसाचं वजन, ताप किती, कुठला कान, पडदा फुगला होता का, पू आला का, औषधाचं नाव आणि पुड्यावरचा आकडा, किती मिलिलिटर किती दिवस, खरंच किती दिवस दिलं, काय त्रास झाला. औषधाच्या पुड्याचा तुकडा कापून चिकटवला तर उत्तम.

याचं कारण असं. एकदा राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडे, एकदा माहेरी कागलला, एकदा रात्री कुठल्यातरी इमर्जन्सीत, असे तीन डॉक्टर तीन वेळा बघतात आणि प्रत्येकाला तो पहिलाच कान असतो. म्हणून औषध एकेक पायरी वर चढत जातं आणि नक्की किती वेळा झालं हे कुणालाच सांगता येत नाही. कान "पुन्हापुन्हा बिघडतो" असं कधी म्हणायचं, याचं माप ठरलेलं आहे: सहा महिन्यांत तीन वेळा, किंवा वर्षात चार वेळा आणि त्यातला एक गेल्या सहा महिन्यांतला. हे माप वहीशिवाय लावता येत नाही. माप भरलं की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. पुन्हा बिघडू नये म्हणून महिनोन्‌महिने थोडं थोडं अँटिबायोटिक देत राहायची जुनी पद्धत आता मान्य नाही. कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

कान वाहत असेल तर

स्वच्छ सुती कापड किंवा मऊ टिश्यू घ्या, पिळून टोकदार वात करा. कानाची पाळी हलकेच मागे ओढा, वात कानाच्या तोंडाशी ठेवा, ओली झाली की काढून नवी. वात कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीन वेळा. काडीला कापूस गुंडाळून आत खुपसायचं नाही, आणि कापसाचा बोळा कोंबून कान बंदही करायचा नाही. थेंब लिहिले असतील तर वात फिरवून कोरडं केल्यावरच घाला, नाहीतर ते पुवाबरोबर बाहेर येतात. पडद्याला भोक असताना जेंटामायसिन, निओमायसिन असलेले थेंब आतल्या कानाला अपाय करू शकतात, म्हणून मागचे उरलेले थेंब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. दोन आठवड्यांच्या वर वाहत राहिलं तर वाट बघू नका.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, चेहरा एका बाजूला वाकडा झाला, मान कडक झाली, तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात रात्रीही घेतात.

घरात काय बदलायचं

धूर. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, बाळाला द्यायची ओव्याची, वेखंडाची धुरी, आजोबांची विडी, डासांची उदबत्ती. धुरानं नाकातली आणि त्या नळीतली अस्तराची कातडी सुजते आणि कान बिघडण्याचं प्रमाण वाढतं, हे पक्कं ठाऊक आहे. धुरीची माया मला समजते, पण बाळाला ती सोसत नाही. ऊस हंगामात पाचट पेटवतात किंवा जवळ गुऱ्हाळ चालू असतं, तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या.

आडवं झोपवून तोंडात बाटली देऊ नका, दूध नळीकडे जातं. डोकं वर धरून पाजा. सहा महिन्यांनंतर चोखणी कमी करा. अंगावरचं दूध जितकं चालेल तितकं चांगलं. पीसीव्ही म्हणजे न्यूमोकोकल लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात. कार्ड काढून बघा, नववा महिना बऱ्याचदा राहून गेलेला असतो. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर दरवर्षी देता येते, ती विकत घ्यावी लागते.

ऐकू येतंय ना

पू गेला, ताप गेला, तरी पडद्यामागचं पाणी लगेच जात नाही. महिन्यानंतरही साधारण चाळीस टक्के मुलांत ते असतं, तीन महिन्यांनी दहा टक्क्यांत उरतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. पोराला कानाला दडा बसल्यासारखं ऐकू येतं. मागून हाक मारल्यावर वळत नाही, टीव्हीजवळ जाऊन उभं राहतं, शब्द वाढत नाहीत. त्याला "हट्टी झालाय" म्हणू नका. तोपर्यंत समोर बसून, टीव्ही बंद करून बोला. तीन महिने पाणी राहिलं तर ऐकण्याची तपासणी हवी. पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी टिम्पॅनोमेट्री काही मिनिटांत होते आणि दुखत नाही. सीपीआरच्या कान-नाक-घसा विभागात दाखवता येतं. अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही कान बघतं आणि पुढे पाठवतं, त्यांच्यासमोर वही उघडा.

पडद्यात बारीक नळी बसवायची, म्हणजे ग्रॉमेट, हा विषय इथे निघतो. नुसता कान पुन्हापुन्हा बिघडतो पण तपासणीच्या दिवशी पडद्यामागे पाणी नाही, तर घाई नको. 2021 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत 6 ते 35 महिन्यांची 250 मुलं होती. नळी बसवलेल्या आणि औषधांवर ठेवलेल्या दोन्ही गटांत दोन वर्षांत कान बिघडण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. पाणी महिनोन्‌महिने साचून ऐकणं कमी झालं असेल तर मात्र नळीचा उपयोग होतो. ती सहसा सहा महिने ते दीड वर्षात आपोआप गळून पडते. नळी असताना त्या कानातून पू आला तर बहुतेक वेळा थेंबांवर भागतं, तोंडातून अँटिबायोटिक लागत नाही, त्यामुळे पोटाचे हालही टळतात. थेंब कुठले आणि किती दिवस, हे नळी बसवणाऱ्या डॉक्टरांकडून घरी निघण्याआधीच लिहून घ्या.